चुना, काळा दगड आणि चिमूटभर रांगोळी

वसईच्या किल्ल्यात पहिल्यांदा येणारा माणूस काळा किल्ला पाहून परततो. काळे दगड, भिंती फोडून उतरलेली वडा-पिंपळाची मुळे, पावसाळ्यात चढणारे शेवाळ. छायाचित्रांतही हाच किल्ला भेटतो. सोळाव्या-सतराव्या शतकात खाडीच्या मुखाशी आलेल्या गलबतावरून जे शहर दिसे, ते मात्र पांढरे होते. भिंतींचे अंग अनघड दगडांचे, त्यावर चुन्याचा जाड गिलावा आणि वरून सफेती. घडीव काळा दगड वापरला तो मोजक्या जागी: दारा-खिडक्यांच्या चौकटी, इमारतींचे कोपरे, मजले वेगळे दाखवणारे आडवे पट्टे, कमानींचे काठ. पांढऱ्या कागदावर बोरूने ओढलेल्या रेघा असाव्यात, तशी ती रचना. पुढच्या पावसाळ्यांनी कागद धुऊन नेला आणि रेघा खालच्या दगडात मिसळून गेल्या. म्हणून हे शहर वाचायचे तर डोळ्यांना पहिले काम द्यायचे ते घडीव आणि अनघड वेगळे करण्याचे.

ते अवघड नाही. दोन दगडांमधली सांध पाहावी. घडीव कामात ती बारीक आणि सरळ असते. अनघड भिंतीत चुना सढळ हाताने भरलेला आणि त्यात बारक्या चिपा ठोकून बसवलेल्या. कमानीच्या पोटात, कोनाड्याच्या आत, जिथे पावसाचा मारा पोचत नाही तिथे गिलाव्याचे तुकडे अजून टिकून आहेत. असा एक तुकडा आणि त्याच्या शेजारची काळी चौकट एकाच नजरेत धरावी. मग बाकीची भिंत मनाने पांढरी करत जाता येते आणि मुका वाटणारा दर्शनी भाग बोलू लागतो. किती कमी काळ्यात किती सांगितले आहे, हे तेव्हा कळते. वसईतला मोठ्यात मोठा आनंद मला हाच वाटतो.

शहराची हकीकत ठाऊक असते, तरी दोन ओळींत सांगतो. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १५३६ मध्ये कोटाचे काम सुरू झाले, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो जिंकला. मधली दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. तटाच्या आत रस्ते, चौक, चर्चे, मठ, कचेऱ्या आणि सरदारांची घरे असलेले पुरे शहर वसले होते. शेजारच्या नायगावात राहणाऱ्या आपल्याला हे सगळे घराजवळचे आहे. खाडीच्या ज्या उत्तर काठावर आपले स्टेशन, मिठागरे आणि कोळीवाडा, त्याच काठाने पश्चिमेला सरकत गेले की किल्ला येतो. जवळच्या गोष्टीकडे आपण सहसा सहलीपुरते बघतो, आणि या शहराला सहलीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

तटाचे बुरूज आधी पाहावेत, कारण सह्याद्रीतल्या गडांवर घडलेली नजर इथे अडते. आपला बुरूज गोल. तोफेचा गोळा त्यावरून घसरावा, हा त्यामागचा हिशेब. वसईचे बुरूज कोनदार आहेत, बाणाच्या फाळासारखी टोके बाहेर काढून बसलेले. गोल बुरुजाच्या अगदी पायाशी एक जागा अशी राहते, की जिथे शेजारच्या बुरुजावरचा मारा पोचत नाही. कोनदार बुरुजाने ती जागाच काढून टाकली. त्याची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरून सरळ नजरेत येते. इटलीत रुजलेली ही विद्या तोफांच्या काळात युरोपभर गेली आणि थोड्याच अवधीत आपल्या खाडीकाठी उतरली. बुरुजावर उभे राहून शेजारच्या बुरुजाच्या कडेवरून नजर फिरवावी. भूमिती तेव्हा कागदावरून उठून पायाखाली येते. १७३९ मध्ये मराठ्यांनी सुरुंग लावून तट फोडला तो सेंट सेबॅस्टियन बुरुजापाशी. समोरून चालून जाणे किती महागात पडत होते, हे या कोनांकडे पाहून समजते. जमिनीखालून वाट काढणाऱ्या सुरुंगकऱ्यांच्या चिकाटीलाही त्यामुळेच दाद द्यावीशी वाटते.

बालेकिल्ल्याच्या दाराशी पोर्तुगालचे राजचिन्ह, ख्रिस्तसंघाचा क्रूस आणि खगोलाचा कड्याकड्यांचा गोल कोरलेला आहे. हा गोल मानुएल राजाची खूण. आकाशातली वर्तुळे एकमेकांत गुंफून केलेले हे दर्यावर्दींचे उपकरण तिथे राज्याचे चिन्ह होऊन बसले. आपला काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, छिन्नीला फार दाद देत नाही. खोल गेले की कपचा उडतो, म्हणून इथे कोरीव काम उथळ ठेवले आहे. त्या उथळपणातच एक कडे दुसऱ्याच्या पुढे आहे आणि तिसरे मागून जाते, हे दाखवायचे. कडी जिथे एकमेकांना छेदतात तिथे डोळा नेऊन थांबवावा. बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या खोलीत अख्खे आकाश पुढे-मागे केले आहे. कप्तान गार्सिया द सा याने गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या हुकमावरून १५३६ मध्ये हा कोट बांधल्याचा शिलालेख जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवरच्या १८७६ च्या ग्रंथात नोंदवला आहे. त्या लेखात कप्तानाचे नाव आले आणि गव्हर्नरचेही आले. कडी कोरणाऱ्याचे नाव कुठेच नाही, आणि तो इथला असणार असे मानायला मन ओढ घेते.

सेंट जोसेफचे चर्च हे शहराचे मुख्य चर्च. १५४६ मध्ये राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेने त्याची सुरुवात झाली. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत १६०१ मध्ये त्याचे नव्याने बांधकाम झाले, असे दारावरचा लेख सांगतो. त्याचा उंच मनोरा आजही झाडांच्या वर दिसतो. मनोऱ्याचे आडवे पट्टे पाहावेत. दोन-तीन बारीक उंचवटे एकावर एक, इतकेच ते आहेत. पण वरचा उंचवटा खालच्याहून थोडा पुढे काढलेला असल्यामुळे उन्हात पट्ट्याखाली सावलीची एक सरळ ओळ पडते. गिलावा पांढरा असताना ही सावलीची ओळ आणि दगडाची काळी ओळ मिळून जोडरेघ दिसत असणार. सकाळी नऊच्या सुमारास ऊन तिरपे असताना गेलात तर त्या जोडरेघेचा अंदाज बांधता येतो. दुपारी बारानंतर पट्टा नुसता दगड होतो.

जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग हे माझे सर्वांत आवडते पान. पाया १५४९ च्या सुमाराचा. गोन्सालो गार्सिया हा वसईचा मुलगा इथल्या जेझुइटांच्या हाताखाली शिकला, पुढे जपानात गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला हुतात्मा झाला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याच्या नावाने आजही इथे भाविक जमतात. त्या गर्दीत दाराकडे पाहणे राहून जाते, म्हणून एखाद्या मोकळ्या दिवशी यावे. मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना खांब आहेत, त्यांच्या अंगावर उभ्या पन्हळी काढल्या आहेत आणि माथ्यावर कोरिंथियन पद्धतीची पाने. पन्हळीची खुबी अशी की खांब सरळ असूनही त्यावर उजेड-सावलीचे पट्टे धावतात आणि खांब आहे त्याहून उंच आणि सडपातळ भासतो. पाने जवळून पाहण्याजोगी आहेत. युरोपात मऊ संगमरवरात कोरलेली हीच पाने कडेला दातेरी, टोकाला वळून बाहेर पडणारी असतात. इथे ती आखूड, भरदार आणि अंगाशी धरलेली आहेत. दगडाने जेवढे दिले तेवढेच कारागिराने घेतले. मूळ नमुन्याशी ताडून पाहणाऱ्याला हे उणे वाटेल, मला मात्र त्यात दगड ओळखणाऱ्या हाताचा शहाणपणा दिसतो. टोके लांब काढली असती तर ती पहिल्या शंभर वर्षांतच झडली असती. आज ती जागेवर आहेत आणि आपण ती पाहू शकतो.

याच दगडाने मोठा प्रवास केला. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझसच्या बॅसिलिकेचे काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे अभिषेचन झाले. तिचे अंग तांबड्या जांभ्याचे आहे. जांभा सच्छिद्र, त्यात कड टिकत नाही. म्हणून दर्शनी भागावरच्या कोरीव कामासाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे नेला गेला. तिथला गिलावा विसाव्या शतकात काढून टाकल्यामुळे आज ती तांबडी-काळी दिसते. जुन्या गोव्याला जाणाऱ्या वसईकराने तिच्यासमोर उभे राहून काळे तेवढे वेचून पाहावे. खांब, पट्टे, खिडक्यांच्या चौकटी, वरच्या त्रिकोणातला कोरीव फलक, असे सारे आपल्या गावच्या खाणीतले. वसईत विस्कटलेली रेघांची भाषा तिथे सलग वाचायला मिळते.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये मात्र मान खाली घालावी. जमिनीत कबरींचे दगड बसवले आहेत, त्यांतले काही सोळाव्या शतकातले. अमुकाची आणि त्याच्या वारसांची ही कबर, असा ठरीव मजकूर. मौज आहे ती अक्षरांच्या बसवणुकीत. कारागिराला दगड ठरावीक मापाचा मिळालेला, आणि नावे लांबलचक. मग तो काय करतो? दोन अक्षरांची एक उभी दांडी सामाईक करतो. मोठ्या अक्षराच्या पोटात लहान अक्षर ठेवतो. अनुनासिक गाळून वर नागमोडी रेघ देतो. ओळ संपत आली की शब्द मध्येच तोडून खाली नेतो आणि त्याची खंत बाळगत नाही. आपल्याकडच्या ताम्रपटांत आणि मोडी कागदांत जागा वाचवण्याच्या अशाच क्लृप्त्या दिसतात. काही दगडांवर वर कुळाचे चिन्ह आहे आणि अक्षरांपेक्षा ते जास्त झिजले आहे, कारण उठाव वर असतो आणि पावले आधी त्यालाच लागतात. खोदलेले अक्षर खाली दडून वाचते. सकाळच्या तिरप्या उजेडात एका बाजूने वाकून पाहिले की एरवी न दिसणारी अक्षरे खाचांतल्या सावलीमुळे वर येतात. दगडावर पाणी किंवा खडू चालवण्याचा मोह टाळावा. उजेड पुरतो, आणि ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

शहराचा आवाज तेवढा इथे राहिलेला नाही. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर त्या पाहायला मिळतात. मेणवलीची घंटा पाहताना तिच्या ओठाची जाडी पाहावी. नाद तिथे तयार होतो.

किल्ल्याकडून आजच्या कलेकडे वळताना एक दूरचे शहर आठवते. ऑस्ट्रियातले ग्राझ पाहायला लोक जातात ते दोन गोष्टींसाठी. जुने शहर १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मधल्या टेकडीवरचा किल्ला १८०९ मध्ये नेपोलियनशी झालेल्या तहानुसार पाडला जात असताना नागरिकांनी पैसे भरून घड्याळाचा मनोरा सोडवून घेतला.  याच शहरात २००३ साली, ते युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, पीटर कुक आणि कॉलिन फूर्निए यांनी निळ्या फुगीर अंगाचे कलादालन उभे केले. जुन्या तांबड्या कौलांच्या गर्दीत ते जाणूनबुजून परके ठेवले आहे आणि एका बाजूने एकोणिसाव्या शतकातल्या बिडाच्या घराला जोडले आहे. जुने दगड आणि आजची कला एका दिवसाच्या चालीत भेटावी, हा त्या शहराचा लौकिक. नायगाव स्टेशनाच्या दोन बाजूंना हेच आहे. पश्चिमेकडून किल्ला गाठता येतो. पूर्वेला जूचंद्र आहे.

जूचंद्र म्हणजे चंडिकादेवीच्या टेकडीखालचे गाव; वसई-दिवा मार्गावर त्याचे स्वतःचे स्थानकही आहे. कलावंतांचे गाव अशी त्याची पंचक्रोशीत ओळख, आणि ती मिळवून दिली रांगोळीने. दिवाळीत इथे रांगोळीची प्रदर्शने भरतात. ठिपक्यांची रांगोळी, गालिचे, संस्कारभारतीची मोकळ्या हाताची रांगोळी हे सगळे महाराष्ट्रभर आहे. जूचंद्रची मिजास आहे व्यक्तिचित्रात. दुरून माणूस त्याला छायाचित्र समजतो, जवळ गेल्यावर जमिनीवरची भुकटी दिसते आणि तो एक पाऊल मागे घेतो. त्या कौतुकाशीच बहुतेक जण थांबतात. मी म्हणतो, तिथून पाहायला सुरुवात करावी.

किल्ल्यात रेघेचे राज्य होते. इथे रेघ दिसली की काम फसले. आपल्या हाताला रांगोळी म्हटली की आधी रेघ सुचते, चिमटीतून सुटणारी सलग धार. व्यक्तिचित्रात गालाची कड म्हणजे गालाचा रंग संपून मागच्या अंधाराचा रंग सुरू होणे, एवढेच. ती कड कुठे घट्ट ठेवायची आणि कुठे विरू द्यायची, हे हाताच्या उंचीवर ठरते. चिमूट जमिनीजवळ ठेवून रंग सोडला तर तो जागच्या जागी बसतो आणि कड धारदार येते. हात थोडा वर घेतला की कण पसरून पडतात आणि दोन रंगांची सीमा पुसट होते. नाकाच्या शेंड्याची कड घट्ट, कानाच्या पाळीची मऊ. चांगल्या चित्रात कान नेहमी किंचित धूसर ठेवलेला असतो, म्हणून चेहरा पुढे येतो. नवशिका कलाकार चेहऱ्यातले सगळे सारख्याच ठसठशीतपणे काढतो आणि चेहरा सपाट होतो. जूचंद्रच्या जाणत्या हातांना कुठे सोडून द्यायचे ते कळलेले आहे.

रंग कसा होतो तेही पाहावे. पांढऱ्या रांगोळीत लेक रंग चोळून छटा तयार करतात, चाळून घेतात, ओळीने वाट्यांत मांडतात. त्वचेचा एक रंग म्हणून वाटी नसते. फिकट पिवळसर, नारिंगी, विटकरी, गर्द तपकिरी अशा छटा असतात, आणि त्या जमिनीवर एकमेकींवर विरळ पडत जातात. ओला रंग मिसळला की तिसरा रंग होतो. रांगोळीचे कण शेजारी शेजारी बसले तरी आपापला रंग सोडत नाहीत, मिसळतात ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून जवळून गालावर नारिंगी, तपकिरी, क्वचित जांभळा कणही वेगवेगळा दिसतो आणि चार पावले मागे गेल्यावर तिथे रक्त खेळणारी कातडी दिसते. फ्रान्समध्ये जॉर्ज सरा या चित्रकाराने १८८० च्या दशकात ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र रंगवून हाच परिणाम साधला, त्यासाठी त्याने रंगशास्त्राचे ग्रंथ अभ्यासले होते. जूचंद्रचा कलाकार तो परिणाम बोटांच्या पेरांनी साधतो.

एका प्रदर्शनात पाहिलेले म्हाताऱ्या बाईचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कपाळावर आडव्या सुरकुत्या, डोळ्यांच्या कोपऱ्यात जाळी, जाड काचेचा चष्मा. सुरकुती काढायची म्हणजे काळी रेघ ओढायची, हा सोपा मार्ग. त्या चित्रात काळे जवळजवळ नव्हतेच. प्रत्येक सुरकुतीच्या वरच्या काठाला गडद तपकिरी सावली होती आणि खालच्या काठाला फिकट पिवळा उजेड, कारण उजेड वरून येत होता. सावली आणि उजेड जोडीने ठेवले की मधली घळ न काढता दिसते. मनोऱ्याच्या पट्ट्यांत सावलीची ओळ दगडाला जोडून येते, त्याच जातीची ही हिकमत. चष्म्याच्या काडीची सावली गालावर पडली होती आणि गालाच्या गोलाईवरून ती वाकत गेली होती. काचेतून दिसणारा गालाचा काठ बाहेरच्या काठाशी जुळत नव्हता, थोडा आत सरकला होता, कारण जाड अंतर्गोल काच तसेच करते. किती जणांच्या लक्षात आले असेल ठाऊक नाही. काढणाऱ्याने ते केले होते.

आणि मग डोळ्यातला पांढरा ठिपका. तो अगदी शेवटी पडतो. शुभ्र रांगोळी, रंग न मिसळलेली, दोन बोटांत मावतील तेवढे थोडे कण. पांढरे दिसणारे बाकीचे सगळे, म्हणजे बुबुळाभोवतीचा भाग, केस, लुगड्याचा पदर, प्रत्यक्षात राखी, निळसर किंवा पिवळट असते. शुद्ध पांढरे याच एका जागेसाठी राखून ठेवलेले. इथे खोडरबर नाही. ठिपका चुकला तर काळजीपूर्वक उचलून खालची बाहुली पुन्हा भरावी लागते, आणि उचलताना शेजारचे कण हलतातच. त्यामुळे त्या चिमटीआधी कलाकार अंमळ थांबतो. पंखे तोवर बंद असतात.

प्रदर्शनाला जाणाऱ्याला एवढेच सांगेन की चित्राच्या पायाकडच्या बाजूला उभे राहावे. जमिनीवरचे चित्र आपण तिरपे पाहतो, त्यामुळे आपल्यापासून दूरचा भाग दबून आखूड दिसतो. मोठ्या आकारात काम करणारे काही जण आखणीच्या वेळीच कपाळाकडचे चौकोन हनुवटीकडच्या चौकोनांपेक्षा किंचित लांब धरतात, म्हणजे उभ्या माणसाला चेहरा प्रमाणात दिसतो. बाजूने गेलात तर कपाळ मोठे वाटेल. आखणी तपासायची असेल तर एकदा मुद्दाम बाजूने जावे, फरक मनात मोजावा आणि पुन्हा पायाकडे यावे.